पाहणे आणि मोजणे : बालवर्गातील प्रगतीची नोंद



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला दगडी पाटीवर पहिले अक्षर गिरवावयास लावले. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपले तिगाव नव्या मध्य प्रदेशात राहिले. त्यानंतरच्या वर्षी मी पहिलीत बसलो. पुढे आयुष्य महाविद्यालयात मराठी शिकविण्यात गेले, पांढुर्णा-सौंसर भागातल्या बोलीवर प्रबंध लिहिला, आणि आता २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झालेला पाहण्याचे भाग्यही लाभले. हे सारे सांगण्याचे कारण एवढेच की, मी बालशिक्षणातला तज्ज्ञ नाही. मी भाषेचा विद्यार्थी आहे. तरीही संस्थेने विषय सुचविला तो बालवर्गाचा, आणि मी तो स्वीकारला. त्यामागे एक जुने कारण आहे, ते ओघाने सांगेन.

येत्या सत्रापासून शाळा बालवर्ग सुरू करीत आहे. त्या वर्गातील मुलांची प्रगती कशी नोंदवावी यासाठी कोठून तरी उतरवून घेतलेला एक कच्चा तक्ता माझ्या पाहण्यात आला. भाषा, अंक, चित्रकला, शिस्त, स्वच्छता असे रकाने, प्रत्येकास दहा गुण, दर तिमाहीस बेरीज आणि शेवटी क्रमांक. तक्ता नीटनेटका आहे. त्यात फक्त मूल कोठे दिसत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाला शिस्तीत दहापैकी सहा गुण मिळाले, म्हणजे त्याने नेमके काय केले आणि उद्या बाईंनी त्याच्यासाठी काय करावयाचे, हे त्या सहाच्या आकड्यावरून कोणास सांगता येईल? माझे आजचे विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे.

भाषेच्या माणसाने आधी शब्दांकडे पाहावे. 'उद्दिष्ट' या शब्दात 'दिश्' हा धातू आहे, 'दिशा' या शब्दात असलेला तोच. ज्याच्याकडे बोट दाखविले ते उद्दिष्ट. 'प्रगती' म्हणजे पुढे जाणे. ती ठरवावयाची तर मनुष्य आधी कोठे होता हे ठाऊक असावे लागते, त्याचा शेजारी कोठे आहे हे नव्हे. आणि 'परीक्षा' हा आज आपल्याला घाम फोडणारा शब्द मुळात 'परि' आणि 'ईक्ष्' यांचा : सर्व बाजूंनी पाहणे. 'निरीक्षण'ही त्याच 'ईक्ष्' धातूचे. म्हणजे परीक्षा आणि निरीक्षण या सख्ख्या बहिणी. आपण एकीला सिंहासनावर बसविले आणि दुसरीला घराबाहेर काढले.

आता ते जुने कारण. माझा धाकटा भाऊ काही वर्षे मामांच्या गावी शिकावयास होता. त्या गावाचे व शाळेचे नाव मी घेत नाही. तेथील माणसे वाईट नव्हती. तो मागच्या रांगेत बसे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नसे, किंवा भलतेच देई. दोन वर्षांत त्याच्यावर 'मठ्ठ' हा शिक्का बसला आणि घरच्यांनीही तो मान्य केला. लहानपणापासून त्याचा कान वाहत असे. तेलाचे थेंब, लसणाची पाकळी, सारे उपचार झाले होते. परंतु वाहणारा कान आणि वर्गातले न देता येणारे उत्तर यांचा संबंध कोणी जोडला नाही. पावसाळ्यात कान फार वाहत असे तेव्हा तो अगदी गप्प असे आणि उन्हाळ्यात बरा बोले, हे आई पुढे पुष्कळ वर्षांनी सांगत असे. शाळेत कोणी आठवड्याला एक ओळ जरी लिहून ठेवली असती, 'आज हाक मारली, पाठमोरा असताना वळला नाही', तर चार-सहा ओळींत ती गोष्ट उघडी पडली असती. तो नववीत शाळा सोडून गेला. त्याला एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, हे चाळिशीत नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले.

तेव्हा मी नोंदी ठेवण्याच्या विरुद्ध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. 'लहान मुले आहेत, खेळू द्या, कशाला लिहावयाचे' असे म्हणणारे पुष्कळ सज्जन भेटतात. त्यांच्या सज्जनपणाची किंमत माझ्या भावाने दिली. आज अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आरोग्यतपासणी व्हावी अशी योजना आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील दिरंगाई आणि ऐकण्या-पाहण्यातील दोष यांचाही समावेश आहे. परंतु तपासणीस येणारे पथक मुलाला काही मिनिटे पाहते. बाई त्याला रोज पाहतात. पथकाला काय विचारावयाचे हे बाईंच्या वहीत असावयास हवे.

मग नोंद ठेवावी ती कशी? या प्रश्नाशी आपल्या भाषेत झगडलेल्या दोन स्त्रियांची आठवण येथे करणे क्रमप्राप्त आहे. मारिया मॉण्टेसरी यांनी १९०७ साली रोम येथे गरीब वस्तीतील मुलांसाठी पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांतील एक साधे साधन घ्या. लाकडाच्या लांबट ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यांत बसणाऱ्या दहा लाकडी दट्ट्या. एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेली की शेवटी एक दट्ट्या आणि एक खाच उरते, आणि ती जुळत नाही. बाईंनी 'चुकलास' म्हणावे लागत नाही. मूल स्वतःच थांबते, पाहते, काढून पुन्हा लावते. बाईंचे काम फक्त हे पाहणे की, काल ते अडून उठून गेले आणि आज शेवटपर्यंत बसून राहिले. मॉण्टेसरी मूळच्या डॉक्टर. पाहिल्यावाचून औषध देऊ नये, ही वैद्याची सवय त्यांनी वर्गात आणली.

ही पद्धत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली सुरू केलेल्या बालमंदिरात आली आणि १९२३ साली ताराबाई मोडक तेथे जाऊन मिळाल्या. लग्नानंतर काही काळ ताराबाई आपल्या शेजारच्या अमरावतीस राहिलेल्या होत्या, हे तिगावकरांना सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ साली दादरला शिशुविहार उभे राहिले. येथपर्यंतची कथा शहरी, मध्यमवर्गीय मुलांची. खरी कसोटी लागली ती १९४५ साली, जेव्हा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांच्या मदतीला गेल्या. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले.

तेथे त्यांना जे आढळले ते आपल्या तक्त्याच्या दृष्टीने फार बोलके आहे. मुलेच बालवाडीत येत नव्हती. मोठी मुले गुरे राखीत, धाकटी त्यांच्या पाठीमागे. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. आणि गुरे जेथे चरतात त्या कुरणावर शाळा नेली, ती कुरणशाळा. दादरची महागडी साधने तेथे नव्हती. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे यांपासून दिवसाचा आरंभ होई. अशा ठिकाणी 'प्रगती' कशास म्हणावयाचे? जे मूल पहिल्या दिवशी झाडामागे लपले, ते दुसऱ्या आठवड्यात अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले, ही प्रगतीच. दादरच्या मापाने ती शून्य ठरली असती. ताराबाई आणि अनुताई यांनी उद्दिष्ट खाली आणले असे मला वाटत नाही. त्यांनी दिशा तीच ठेवून मोजणीचा आरंभबिंदू मूल जेथे उभे होते तेथे नेला. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र या शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर मी माझी प्रत देईन.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. आपल्याकडे जिला 'कार्यकर्ता' म्हणतात तिला सीमेपलीकडे 'सेविका' म्हणतात. कामाचा बोजा दोघींवर सारखाच. अंगणवाडीच्या भिंतीवर वा नोंदवहीत मुलांच्या वजनाचा आलेख आपण पाहिला असेल. त्या आलेखाविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण प्रगती कशी पाहावी याचा इतका सोपा धडा दुसरा नाही.

आडव्या रेषेवर वय महिन्यांत, उभ्या रेषेवर वजन किलोत. दर महिन्याला एक ठिपका, आणि ठिपके जोडून एक रेघ. मागे हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे असतात. आपण पालक काय करतो? ठिपका कोणत्या रंगात आहे एवढेच पाहतो. अनुभवी कार्यकर्ता रंगाबरोबर रेघेची चाल पाहते. एक मूल पिवळ्या पट्ट्यात आहे, पण त्याची रेघ महिन्यामागून महिना वर चढत आहे. दुसरे हिरव्यात आहे, पण तीन महिने रेघ सपाट आहे. पहिल्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही, परंतु आज संध्याकाळी घरी जाऊन चौकशी करावयाची ती दुसऱ्याची. हिरव्या रंगावर समाधान मानणारा माणूस त्या मुलास हगवण लागली आहे की घरात दुसरे बाळ आले आहे, हे विचारणारच नाही. एकटा ठिपका फारसे बोलत नाही. दोन ठिपक्यांमध्ये वाक्य सुरू होते.

पण वजनाला काटा आहे. बोलणे, मोजणे, मैत्री करणे यांना काटा कोठून आणावयाचा? येथे विकासाच्या टप्प्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी मोठे काम करून ठेवले आहे. बडोद्यास प्रमिला फाटक यांनी भारतीय अर्भकांच्या विकासाची मापने तयार केली, ती आजही आपले डॉक्टर वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आधाराशिवाय एकट्याने चालू लागण्याचे वय साधारणतः ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले. लक्षात घ्या, ही सर्व निरोगी मुले होती. म्हणजे दोन धडधाकट मुलांत चालण्याचे अंतर नऊ महिन्यांचे असू शकते, आणि वयाच्या पाचव्या वर्षी अंगणात धावताना त्यांत कोण आधी चालू लागला हे कोणालाही ओळखता येत नाही. चौथ्या वर्षी क्रमांक लावणे म्हणजे मृगात उगवलेल्या रोपांची उंची मोजून पीक ठरविणे आहे. मात्र त्या अंतराला एक टोक असते, हेही तितकेच खरे. अठरा महिने उलटूनही मूल पाऊल टाकीत नसेल तर 'आमच्या घरात सारे उशिराच चालतात' असे म्हणत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. मापनाचा उपयोग हा आहे. तो क्रमांकासाठी नाही, कोठे थांबून विचारावयाचे हे कळण्यासाठी आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे एकत्र बांधून त्यास पायाभूत स्तर म्हटले, आणि २०२२ साली त्या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तो जाडजूड आहे. सर्वांनी वाचावा असे मी म्हणत नाही. मला त्यातील दोन गोष्टी मोलाच्या वाटल्या. एक, या वयासाठी लेखी-तोंडी परीक्षा हे साधन सर्वस्वी अयोग्य असून निरीक्षण आणि मुलाने केलेल्या कामाचा अभ्यास हेच दोन मार्ग, असे त्यात स्वच्छ सांगितले आहे. दुसरी, ध्येयापासून वर्गापर्यंत उतरण्याची शिडी. वर तेरा व्यापक उद्दिष्टे. प्रत्येकाखाली काही क्षमता. आणि क्षमतेखाली वर्गात डोळ्यांनी दिसेल, कानांनी ऐकू येईल असे काहीतरी. वरच्या पायरीवरील वाक्ये कितीही भव्य असोत, खालच्या पायरीवर क्रियापद हवे. 'अंकज्ञान असणे' हे दिसत नाही. 'सात चिंचोके मोजून देणे' हे दिसते.

चिंचोक्यांवरून आठवले. आपल्याकडील पालक मोठ्या कौतुकाने सांगतात की, आमच्या पोराला शंभरपर्यंत आकडे येतात. पोर घडाघड म्हणतेही. अशा मुलापुढे ओंजळभर चिंचोके ठेवा आणि सात मागा. पुष्कळ मुले मूठ भरून देतील. याचा अर्थ मूल खोटे आहे असा नाही. आकडे म्हणणे हे त्याचे गाणे आहे, मोजणे अजून यावयाचे आहे. काही महिन्यांनी ते एकेका चिंचोक्यावर बोट ठेवील, पण एखाद्यावर दोनदा. मग बोट आणि शब्द जुळतील, पण 'किती झाले?' असे विचारताच ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागेल, कारण शेवटचा शब्द म्हणजेच सगळ्यांची संख्या, हे त्याला उमगलेले नसते. तेही एक दिवस उमगते. पुढे आणखी एक गंमत : सात चिंचोक्यांची रांग मुलादेखत लांब पसरा आणि विचारा, आता जास्त झाले का? 'हो' म्हणणारे मूल मूर्ख नाही. जिनिव्हाच्या पियाजे यांनी अशाच प्रश्नांतून दाखवून दिले की, या वयातील मुलाचा विचार आपल्या विचाराची छोटी प्रत नसते, त्याची घडणच निराळी असते. आता सांगा, यातील कोणत्या पायरीला दहापैकी किती गुण द्यावयाचे? गुण दिले की पायऱ्या पुसल्या जातात. नोंद लिहिली की दुसऱ्या दिवशीचे काम आपोआप सुचते : बोट दोनदा पडते ना, मग मोजलेला चिंचोका वाटीत टाकावयास सांगा.

चिंचोके नसतील तर संत्री आहेत. आपल्या भागात बागेच्या कडेला तोडलेल्या फळांच्या ढिगाशी खेळताना पाच वर्षांची मुले मोठे, मधले, बारके असे वेगळे लावताना मी पाहिली आहेत; आणि एखादे डागी फळ ती न सांगता बाजूला टाकतात. दोन गुण एकाच वेळी ध्यानात घेऊन वर्गीकरण करणे ही या वयातील मोठी क्षमता. तक्त्यात तिला रकाना नाही आणि बागेत कोणी वही घेऊन गेलेले नाही.

आता मी ज्या गोष्टीवर सर्वांत अधिक बोलणार आहे ती म्हणजे भाषा, आणि तिगावात ती तशी असणे स्वाभाविक आहे. आपल्या मुलाच्या तोंडी घरात मराठी, तीही आपली बोली. पाटीवर बहुधा हिंदी. आणि खासगी बालवर्गात गेला तर इंग्रजी कविता. सरकारी नोंदपत्रके हिंदीत. अशा ठिकाणी 'भाषा : दहापैकी किती?' हा प्रश्न विचारताना 'कोणती भाषा?' हे आधी विचारावयास नको काय?

माझ्या पुतण्याच्या मुलाची गोष्ट सांगतो. तो तेव्हा साडेचार वर्षांचा होता. एका ठिकाणी, ते ठिकाण कोणते हे महत्त्वाचे नाही, त्याला चित्रांचे पत्ते दाखवून हिंदीत नावे विचारली गेली. तो बहुतेक वेळ गप्प राहिला. बैलाचे चित्र आले तेव्हा हळूच म्हणाला, 'गोऱ्हा'. अपेक्षित उत्तर 'बैल'. तेथे फुली पडली. कागदावर शेरा आला : बोलत नाही, वस्तू ओळखत नाही. त्याची आई रडत माझ्याकडे आली. मी ते चित्र आणवून त्याला मांडीवर बसवून विचारले, 'बाबू, हे काय आहे?' तो म्हणाला, 'गोऱ्हा हाय.' 'बैल नाही?' 'नाई. याच्या नाकात येसन कोठी हाय?' मी चश्मा पुसून चित्र पाहिले. खरोखरच चित्रकाराने वेसण काढलेली नव्हती. अजून वेसण न टोचलेला, औताला न जुंपलेला तो गोऱ्हा, हे त्या पोराला दिसले होते. पत्ते काढणाऱ्याला, विचारणाऱ्याला आणि मराठीत डॉक्टरेट घेतलेल्या मला ते दिसले नव्हते. सूक्ष्म निरीक्षण, कारण देणे, नेमका शब्द निवडणे, इतके सारे एका उत्तरात होते, आणि त्यावर फुली होती.

यात विचारणाऱ्या बाईंचा दोष मी काढीत नाही. त्यांच्या हातात पत्ता दिलेला होता आणि पत्त्याच्या मागे उत्तर छापलेले होते. वीस मुले रांगेत उभी होती. दोष आहे तो छापील उत्तराला मुलाच्या उत्तरापेक्षा खरे मानण्यात. आणि हा प्रश्न केवळ आपल्या कोपऱ्यातला नाही. कोसबाडच्या वारली मुलांपुढे दादरची मराठीही अशीच परकी होती. धारणीच्या कोरकू मुलापुढे जी मराठी आहे, तीच आपल्या मुलापुढे हिंदी आहे. आपण कधी एका बाजूस असतो, कधी दुसऱ्या. राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने, जो १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आला, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा असे सांगितले आहे. २०२२ च्या आराखड्यातही या स्तरावर दोन भाषांत रोजचा संवाद साधता येणे हे उद्दिष्ट आहे आणि वाचन-लेखनाचे प्रभुत्व प्रथम भाषेत अपेक्षिले आहे. म्हणजे हिंदी शिकवू नका असे कोणीच म्हणत नाही. आपली मुले वर्षभरात खेळता खेळता ती उचलतात. माझी मागणी लहान आहे. मूल दोन भाषांत जगत असेल तर नोंद दोन्ही भाषांत घ्यावी. घरच्या भाषेत जे मूल सलग गोष्ट सांगते आणि हिंदीत गप्प बसते, त्याला शिकावयाची आहे ती एक नवी भाषा. जे दोन्हीकडे गप्प आहे त्याचा कान, त्याचे घर, त्याचे मन पाहावयास हवे. पहिल्याला दुसरा समजणे ही चूक, आणि दुसऱ्याला पहिला समजणे ही त्याहून मोठी. माझ्या भावाचे उदाहरण या दुसऱ्या चुकीचे.

पालकांविषयी थोडे. त्यांना क्रमांक हवा असतो हे मला ठाऊक आहे. कापूस विकून फी भरणाऱ्या बापाला आपल्या पैशाचे काय झाले हे विचारण्याचा अधिकार आहे. त्याला 'आम्ही गुण देत नाही' एवढेच सांगून चालणार नाही. त्याच्यापुढे मुलाची चित्रे तारीखवार ठेवावीत. जुलैत काढलेला माणूस म्हणजे एक गोल आणि गोलालाच दोन पाय. डिसेंबरात त्याला पोट आले, हात आले, हातांना पाच-सात बोटेही आली. एप्रिलात त्या माणसाच्या डोक्यावर टोपी आणि शेजारी बंडी. न शिकलेल्या आजीलाही या तीन कागदांतली वाट दिसते. प्रवेशाच्या वेळी मुलाची चाचणी घेण्याचा मोह संस्थेने टाळावा, हेही याच ठिकाणी सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची वा पालकाची छाननी करणे निषिद्ध ठरविले आहेच, परंतु कायदा नसता तरी ते अशोभनीयच ठरले असते.

आता व्यवहाराचे. बाईंच्या डोक्यावर आधीच नोंदवह्यांची चळत असते. अंगणवाडीच्या बहिणींना २०२१ पासून भ्रमणध्वनीवरही माहिती भरावी लागते. त्यांत माझी आणखी एक वही घालताना मला संकोच वाटतो, म्हणून ती लहान सुचवितो. प्रत्येक मुलाला चार पाने. रोज तीनच मुले पाहावयाची. पंचवीस मुलांचा वर्ग असेल तर आठ-नऊ दिवसांत प्रत्येकाची पाळी येते. एका मुलासाठी दोन ओळी पुरेत. तारीख, मुलाने काय केले, आणि बोलले असेल तर त्याचेच शब्द, त्याच्याच बोलीत, शुद्ध न करता. विशेषणांना बंदी. 'हुशार', 'हट्टी', 'लाजाळू' हे शब्द वहीत आले की पाहणे थांबते. 'हट्टी' याऐवजी 'झोका सोडावयास तयार नव्हती; पाच झोक्यांनंतर तुझी पाळी असे सांगितल्यावर स्वतः मोजून उतरली' असे लिहावे. लिहिताना कळेल की, या मुलीला आकडेही कळतात आणि करारही. दर दोन महिन्यांनी बाईंनी मागची पाने उलटून एकच प्रश्न स्वतःस विचारावा : या वाचनाने माझ्या उद्याच्या कामात काही बदलले काय? बदलत नसेल तर ती वही बंद करावी, मला वाईट वाटणार नाही. आणि ज्या मुलाचे पान कोरे राहिले असेल त्याच्याजवळ दुसऱ्या दिवशी आधी जाऊन बसावे. वर्गात जे मूल त्रास देत नाही आणि चमकतही नाही, त्याचेच पान कोरे राहते, हा माझा महाविद्यालयातला अनुभव. बालवर्गात तो निराळा असेल असे वाटत नाही.

वहीच्या पानाला रकाने आखावयाचे असतील तर एक रकाना अवश्य असावा : 'कोणत्या भाषेत विचारले'. अशी एक वही मी बांधून आणली असून ती मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. तिचे पहिले पान नमुना म्हणून मीच भरले आहे. त्यावर दोनच ओळी आहेत. 'चित्र बैलाचे. विचारले मराठीत. म्हणाला : गोऱ्हा हाय, याच्या नाकात येसन कोठी हाय?' शेऱ्याच्या जागी मी लिहिले आहे : 'उद्या गोठ्यात नेणे.'